गव्हाचं सोवळं

हिंगाच्या डबीमागचं बारीक अक्षर वाचायची वेळ मराठी माणसावर सहसा येत नाही. डबी पिवळी, झाकण घट्ट, वास ओळखीचा; एवढं पुरतं. वाचलंच तर पुष्कळ डब्यांवर डिंक, थोडा खरा हिंग आणि गव्हाचं पीठ किंवा मैदा असं सापडतं. हा बांधणीचा हिंग. निव्वळ हिंग इतका उग्र की फोडणीत त्याचं प्रमाण साधत नाही, म्हणून तो पिठात बांधतात. घरात कुणाला सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हाने आतडं बिघडवणाऱ्या आजाराचं, निदान झालं की पोळ्या बंद होतात, पाव बंद होतो, बिस्किटांचा डबा शेजारी जातो, आणि तरी सहा महिन्यांनी रक्तातला आकडा म्हणावा तसा उतरत नाही. मग शोधता शोधता गाडी या पिवळ्या डबीपाशी येऊन थांबते.

गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असतं. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या पोटात ते गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषायचं काम त्यांचं. ते झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागेनासं होतं. मूल वाढत नाही, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, हाडं कमजोर होतात. पोट दुखेलच असं मात्र नाही, त्यामुळे संशय यायलाही वर्षं जातात. उपाय एकच: तिन्ही धान्यं जन्मभर बंद.

पण बंद कधी करायची, याला महत्त्व आहे. कुणाच्या तरी सांगण्यावरून आधी गहू सोडायचा आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जायचं, ही हमखास होणारी चूक. टीटीजी-आयजीए ही रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खरं बोलतात. गहू सुटला की रक्त सुधारतं, आतडं भरून येऊ लागतं, निदान मात्र लोंबकळत राहतं. मग डॉक्टर पुन्हा काही आठवडे पोळी खायला सांगतात, ती खाववत नाही. तेव्हा तपासण्या होईपर्यंत पोळी चालू ठेवावी. निदान झालं की आईवडील, भावंडं, मुलं यांचंही रक्त तपासून घ्यावं. सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, आणि निघालेला पुष्कळदा कसलीही तक्रार नसलेला असतो.

या सगळ्यात गव्हाचा हात आहे हे उमगलं हॉलंडात. विलेम-कारेल डिके या बालरोगतज्ज्ञांना पावाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुलं त्या दिवसांत सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. १९५० साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. देश उपाशी असताना काही मुलांनी बाळसं धरावं, असा हा विचित्र पुरावा.

पुण्यात या आजाराशी पहिली झटापट होते ती खपली गव्हावरून. 'आम्ही साधा गहू सोडला, खपलीवर आलो' असं अभिमानाने सांगणारी घरं कोथरूडपासून खराडीपर्यंत सापडतील. मधुमेहात त्याचं काय व्हायचं ते होवो, सिलिअ‍ॅकला खपली हा गहूच. लोकवन, सिहोर, बन्सी, खपली, कुठलाही चालत नाही. रवा, मैदा, दलिया, शेवया ही त्याचीच मुलंबाळं. मल्टीग्रेन आट्यात पहिलं धान्य गहू असतं. सातूच्या पिठात गहू, मेतकुटात मूठभर गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू, बाकरवडीच्या पारीत मैदा, शेव-बटाटा-पुरीच्या पुरीत रवा, सोया सॉसमध्ये गहू, आणि मुलांच्या दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव.

आता 'एवढ्याशाने काय होतंय' या वाक्याचा हिशोब. दिवसाला साधारण १० मिलीग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेकांना सोसतं असं मानतात. ५० मिलीग्रॅम रोज गेलं तर काही महिन्यांत आतडं बिघडल्याचं दिसतं. कणकेत ग्लुटेन ढोबळमानाने दहा टक्के. मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर तीन ग्रॅम ग्लुटेन झालं, आणि १० मिलीग्रॅम म्हणजे त्या पोळीचा तीनशेवा भाग. लाटताना चिमटीने टाकतो ती पिठीसुद्धा याहून जास्त भरते. हिंगाचंही तसंच. चार जणांच्या वरणात चिमूटभर हिंग, एकेकाच्या वाटीत फार नाही. पण वरण, भाजी, कोशिंबीर, ताक आणि लोणचं, असा दोन्ही वेळचा तो सोबती आहे.

इतक्या बारीक मापाचं पथ्य ऐकून माणसं घाबरतात. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की हे शास्त्र आपल्याकडे होतं. त्याला सोवळं म्हणत. सोवळ्याचं पाणी वेगळं, पळी वेगळी, ओवळ्याचा हात लागला की पुन्हा धुणं आलं. खरकटं, उष्टं, ओवळं: काय कशाला लागलं याची नोंद ठेवणारे इतके शब्द भाषेत आयते पडले आहेत. त्या सोवळ्याने माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते गेलं हे उत्तम झालं. शिस्त तेवढी परत आणायची, आणि या खेपेला विटाळ फक्त गव्हाचा. तो उकळून जात नाही, तापलेल्या तव्यावर मरत नाही, सॅनिटायझरला दाद देत नाही, कारण तो जंतू नव्हे, प्रथिन आहे. साबण लावून, घासून, वाहत्या पाण्याखालीच तो जातो.

खरी कसोटी गिरणीत लागते. गहू बंद म्हणून ज्वारी आणली, निवडली, डब्यावर चिठ्ठी लावून गिरणीत दिली. घरच्यांचा समज असा की काम फत्ते. गिरणीत उभं राहून बघावं. भिंती पांढऱ्या, पट्टे पांढरे, गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या. तो पांढरा रंग बहुतेक कणकेचा. 'ज्वारीची चक्की वेगळी आहे' हे तो खरंच सांगत असतो, पण त्याच चक्कीवर सकाळी कुणाचं तरी मिश्र धान्य दळलेलं असतं. दगडांच्या मधे, उतरणीत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत थोडं मागचं पीठ राहतंच. दोन किलो ज्वारीत फक्त एक ग्रॅम कणीक मिसळली असं धरा. म्हणजे १०० मिलीग्रॅम ग्लुटेन, किलोला ५०. आपल्याकडे 'ग्लुटेनमुक्त' लिहायला किलोमागे २० मिलीग्रॅमच्या आतच राहावं लागतं. एका ग्रॅमने नापास, आणि गिरणीत राहतं ते एक ग्रॅमवर थांबत नाही.

म्हणून घरघंटी. नवी घ्यावी, वापरलेली स्वस्त मिळते, पण तिच्या पोटात कुणाच्या तरी घरची कणीक असते. तिच्यात गहू 'आजच्या दिवस' सुद्धा घालायचा नाही. धान्य मार्केट यार्डातून पोत्याने आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून, वाण्याचं माप सगळ्या धान्यांना तेच असतं आणि ज्वारीत गव्हाचे चार दाणे दिसतातच. ताटात पसरून निवडावी, धुऊन कडक वाळवावी, मग दळावी. निवडणं हे काम मिक्सरच्या जमान्यात मागे पडलं होतं, त्याला पुन्हा भाव आला.

मग भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने भाकरी थापता येत नाही. कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं. ज्वारीला ते नाही, म्हणून तिला गरम पाण्याने बांधावं लागतं. वाटीभर पिठाला साधारण अर्धी-पाऊण वाटी कढत पाणी, बेताबेताने. मनगटाजवळच्या तळहाताने तीन-चार मिनिटं रगडायचं, गोळा वळल्यावर कडेला चिरा दिसल्या की अजून रगडायचं. एका वेळी एका-दोन भाकरींपुरतंच भिजवायचं. खाली भुरभुरायची पिठी ज्वारीचीच, इथे सवयीने कणकेच्या डब्याकडे हात जातो. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, लगेच तिच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकतंय न सुकतंय तोच उलटायची. पाणी उशिरा लागलं की भेगा पडतात, वाफ तिथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. एवढं करूनही थापताना तुटत असेल तर दोष हाताला देऊ नये, पीठ बघावं. आठ-दहा दिवसांत ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. बाजरीचं त्याआधीच कडवट होतं, तिच्यात तेलाचा अंश जास्त. दर आठवड्याला थोडं दळावं, ही घरघंटीची दुसरी सोय.

शाळेच्या डब्यात भाकरी दुपारपर्यंत वातड होते. त्यासाठी उकड काढावी: वाटीभर पाणी उकळलं की वाटीभर पीठ घालून झाकण, दहा मिनिटांनी मळून घेऊन लाटायची. ही मऊ राहते. शिवाय घावन, आंबोळी, मुगाची धिरडी आहेतच. भाजणी गव्हाशिवाय उत्तम होते. ज्वारी दोन वाट्या, बाजरी, तांदूळ आणि हरभरा डाळ एकेक वाटी, उडीद डाळ अर्धी, धने पाव वाटी, जिरं चमचाभर, सगळं वेगवेगळं भाजून. गव्हाने जे चिकटपण यायचं ते उडदाने येतं.

घरात एकाला सिलिअ‍ॅक असताना बाकीच्यांनी काय खायचं, यावर घरोघरी तह होतात. टिकाऊ तह हा दिसतो: रात्रीचं जेवण सर्वांचं एकच, भात नाहीतर भाकरी; पोळ्या फक्त सकाळच्या डब्यापुरत्या, आणि त्या शेवटी. क्रम महत्त्वाचा. कणीक चाळली की तिची भुकटी बराच वेळ हवेत असते आणि उघड्या पातेल्यांत बसते, म्हणून आधी भाकरी-भाजी करून झाकायची, मग परात काढायची. पोळ्यांच्या मावशी तीन घरच्या कणका मळून आलेल्या असतात. त्यांना आल्याबरोबर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला सांगणं थोडं अवघड जातं, पण कारण सांगितलं की त्या घरच्यांपेक्षा कडक होतात. पोळपाट-लाटणं, चाळणी, लाकडी कालथा ही तुळशीबागेतून नवी आणावी, लाकडाच्या चिरांतलं आणि जाळीतलं पीठ धुऊन निघत नाही. त्यांना लाल दोरा बांधावा. तुपाची वाटी दोन. पोळीला तूप लावलेला चमचा परत वाटीत जातो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणा वडा तळायचा नाही.

बाहेर सगळ्यात सोपा दिवस एकादशीचा. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, आणि उपवासाला हिंगही नसतो. हॉटेलात एवढंच विचारायचं की उपवासाची कढई वेगळी आहे का. मात्र रोज साबुदाण्यावर राहिलं तर नुसता स्टार्च पोटात जातो. 'ग्लुटेनमुक्त' बिस्किटांचं तेच, वर महाग. नाचणी बरी, तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सुरुवातीचे काही आठवडे दूध सोसलं नाही तर घाबरू नये. दुधातली साखर पचवणारं विकर त्याच झिजलेल्या मखमलीच्या टोकाला असतं. ती भरून आली की बहुधा दूध परत येतं.

अवघड दिवस सत्यनारायणाचा. रवा, तूप, साखर, सव्वा-सव्वाच्या मापाने, आणि चमचाभर प्रसादात दोन-तीन ग्रॅम रवा, म्हणजे दोनशे ते तीनशे मिलीग्रॅम ग्लुटेन. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. कपाळाला लावून शेजारच्याच्या हातावर द्यावा. पूजा स्वतःच्या घरी असेल तर तांदळाच्या रव्याचा शिरा करावा. नैवेद्याला उकडीचे मोदक चालतात तर याला कोण अडवणार? होळीला पुरण वाटीत, वर दूध-तूप. पोळीची आठवण निघते, पण पोट भरतं.

सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा करतात, मग वर्षाने. आकडा उतरत असतो. उतरत नसेल तर बहुधा कुठून तरी गहू येतोच आहे. हिंग खात्रीचा आणलेला असेल, तांदळाच्या पिठात बांधलेला किंवा घरी तुपात फुलवून कुटलेला खडा, तर मिसळणाच्या डब्यातला चमचा बघावा. तोही नवा असेल तर लोणच्याची बरणी. तिच्या मसाल्यात जुन्या डबीतला हिंग असतो, आणि बरणी मागच्या मे महिन्यातली.