तुम्ही विचारलंत म्हणून: धावून कंबर जात नाही का?

पणजीच्या मार्केटात मासळी घेताना असो की कुणाच्या साखरपुड्यात, कुणीतरी विचारतंच, ‘ताई, एवढं धावता, कंबर नाही का जात?’ माझी पन्नाशी झालीय, त्यामुळे प्रश्नात काळजीपेक्षा दटावणीच जास्त. तर, गेली होती. दोन वर्षांपूर्वी, चांगले दोन महिने.

तेव्हा मी मिरामारहून वाळूवरून करंजाळ्यापर्यंत धावायचे आणि येताना ऊन चढतं म्हणून रस्त्याच्या सावलीनं चालत परतायचे. म्हणजे धावताना समुद्र कायम उजव्या हाताला. भरती असली की पाण्यालगतचा उतरता पट्टाच तेवढा उरतो. त्यावर उजवा पाय खाली पडतो, डावा वर, आणि दर पावलाला कंबर एकीकडे कलते. माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिलाच प्रश्न केला, ‘समुद्र कुठल्या बाजूला असतो?’ मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पण दोष एकट्या वाळूचा नाही. चतुर्थीच्या नेवऱ्या जिरवायच्या म्हणून मी एकाच आठवड्यात पाच किलोमीटरचे नऊ केले होते. वर दिवसभर ऑफिसची खुर्ची, जाता-येता स्कूटर. बसून बसून मांडीच्या मुळाशी पुढचे स्नायू आखडतात, नितंबांचे ढिले पडतात आणि त्यांचं काम बिचाऱ्या कमरेच्या गळ्यात येतं. एका सकाळी दात घासताना बेसिनवर वाकले ती तशीच अडकले.

आईनं तेल चोळलं आणि बजावलं, ‘आता आठ दिवस उठू नकोस गो!’ एका डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, मणक्यांमधली चकती फुगलीय, धावणं विसरा. मी रडले, खोटं कशाला सांगू. मग वाचायला लागले. २०१५ साली एक मोठा आढावा आला होता, कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांची चकती फुगलेली होती! २०१७च्या एका अभ्यासात तर नियमित धावणाऱ्यांच्या चकत्यांत न धावणाऱ्यांपेक्षा पाणी जास्त आढळलं. त्यावरून धावा म्हणजे चकती भरेल असं नव्हे, पण ‘धावलीस की झिजशील’ हे ब्रह्मवाक्य नाही एवढं मला पुरलं.

आठ दिवस झोपून राहिले नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात, मग कांपालच्या फुटपाथवर दहा-दहा मिनिटं चालले. साध्या कंबरदुखीला पडून राहण्यापेक्षा जमेल तेवढं हलतं राहणंच मानवतं, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. मात्र वेदना पायात उतरून पाऊल लुळं पडत असेल, जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर तेल-बिल राहू द्या, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखत असेल तरी थांबू नका.

व्यायाम तीनच केले, पण नेमानं. उताणं पडून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलून धरायची. रांगत्या बाळासारखं होऊन उजवा हात नि डावा पाय लांब करायचा, मग उलट. कुशीवर कोपर टेकून अंग उचलायचं. हा तिसरा मला अजून आवडत नाही. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून दुसरा करा, असं बाई म्हणायच्या. मी खरंच ठेवला आणि चटई भिजवली.

धावायला लागले ती एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल अशी. पाऊल लांब टाकायची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आता पावलं छोटी, भरभर. ऑफिसात दर तासाला उठते, त्यावरून साहेबांची कुरकुर चालते, चालू दे. आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय वाळूवर उतरत नाही. ओहोटीची ओली वाळू घट्ट आणि बरीच सपाट असते.

परवा करंजाळ्याहून परतलेसुद्धा वाळूवरूनच, समुद्र डाव्या हाताला घेऊन. ऊन चढलं होतं आणि टोपी घरी राहिली होती.