आमची वाटचाल: आधी पाणी, मग सोलर

लातूरला औसा रोडवर आमचं दुकान आहे. सोलर वॉटर हीटर, हीट पंप आणि गिझर यांची विक्री, जोडणी आणि दुरुस्ती आम्ही करतो. सुरुवात मात्र मोटार रिवाइंडिंगनं झाली. मोटारींबरोबर लोक बंद पडलेले गिझर आणायला लागले आणि आम्ही कॉइल बदलून द्यायला लागलो. जुनी कॉइल ओढून काढली की तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर असायचा. पेचकसानं ठोकला की त्याचे पापुद्रे निघायचे आणि टेबलभर खडूसारखी भुकटी व्हायची. नवी कॉइल बसवली तरी दोन-तीन वर्षांत तोच गिझर परत दारात. कंपनी बदलली, वॅट बदलले, पण थर काही बदलला नाही.

दोष पाण्याचा होता. आपल्याकडे काळ्या पाषाणात पाचशे-सहाशे फूट खाली गेल्यावर जे पाणी लागतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी तापलं की ते क्षार सुटे होतात आणि तापलेल्या धातूवरच जाऊन बसतात. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर लवकर धरतो. आमच्या धंद्याचा पुढचा सगळा प्रवास या एका गोष्टीभोवती फिरला आहे. मराठवाड्यात ऊन सगळ्यांच्या गच्चीवर सारखंच पडतं, पाणी मात्र प्रत्येक बोअरचं वेगळं असतं. म्हणून पाणी बघितल्याशिवाय आम्ही काहीही विकत नाही.

सोलरकडे आम्ही वळलो ते भारनियमनामुळे. सकाळी आंघोळीच्या वेळेलाच लाइट जायची, मग गिझर असून नसल्यासारखा. पुढे २०१० मध्ये केंद्राचं राष्ट्रीय सौर मिशन आलं, सोलर वॉटर हीटरला ३० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळायला लागलं आणि गिऱ्हाईक स्वतःहून विचारायला लागलं. त्या काळात जो तो तांब्याचा एफपीसी, म्हणजे सपाट पॅनलचा सोलर मागायचा. काळ्या पत्र्याखाली तांब्याच्या बारीक नळ्या, वर जाड काच, मजबूत आणि दिसायला भारी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार पाणी खाली येतं, मोटार लागत नाही. नदीचं किंवा धरणाचं पाणी असेल तर हा पॅनल वर्षानुवर्षं चालतो. बोअरच्या जड पाण्यात मात्र त्या बारीक नळ्या आतून बुजत जातात. पाणी फिरायचं थांबतं, पॅनल रणरणत्या उन्हात नुसता तापत राहतो आणि टाकीत पाणी कोमट.

काचेच्या नळ्यांचा ईटीसी आल्यावर आम्हाला मोकळा श्वास घेता आला. एकात एक अशा दोन काचेच्या नळ्या, मधली हवा काढून घेतलेली, थोडक्यात थर्मासची बाटली. आतली नळी चांगली रुंद असते, त्यामुळे क्षार तळाशी साचले तरी पाण्याची वाट अडत नाही. वर्षातून एकदा नळ्या काढून धुतल्या की काम भागतं. परभणीकडे डिसेंबरात कधी कधी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हाही त्या पोकळीमुळे नळीतली ऊब बाहेर जात नाही. स्वस्तात येते म्हणून लोक काचेची नळी घेतात. आम्ही ती पाण्यासाठी सुचवतो. ज्यांना तांबंच हवं असतं त्यांना दुहेरी टाकीचा, हीट एक्स्चेंजरचा प्रकार देतो. त्यात पॅनलमधलं चांगलं पाणी वेगळं फिरतं आणि वापरायचं पाणी वेगळं राहतं. पैसे जास्त लागतात, हे आधीच सांगतो.

यातलं कुठलं घ्यायचं ते ठरवायला दुकानात येताना गिऱ्हाइकानं बोअरच्या पाण्याची एक बाटली आणावी, हा आमचा रिवाज. हार्डनेसच्या, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायच्या किटमध्ये रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, पाच मिनिटांचं काम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं दिलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांमध्ये सहाशेच्या पुढचं पाणी नवलाईचं नाही. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजणारं पेन बुडवून आकडा दाखवणारे विक्रेते पुष्कळ आहेत. टीडीएसवरून मात्र थर किती बसेल ते कळत नाही, त्यासाठी हार्डनेसच तपासावा लागतो.

२०१४ हे वर्ष आम्हाला जड गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. शेतकऱ्याच्या हरभऱ्याचं, ज्वारीचं, द्राक्षाचं जे झालं त्यापुढे काचेच्या नळ्यांचं दुःख सांगायची लाज वाटते, पण गच्च्यांवर काचांचा सडा पडला होता हे खरं. साध्या ईटीसीत एक नळी फुटली तरी टाकीतलं सगळं पाणी वाहून जातं, त्यामुळे ज्याची एकच फुटली तोही तितकाच अडलेला. नळ्यांचा माल मिळेना, आणि मिळाला तो आधी म्हातारी माणसं असलेल्या घरांना दिला. त्याच वर्षी सोलर हीटरचं अनुदानही बंद झालं. नुसत्या अनुदानासाठी उघडलेली दुकानं वर्षभरात दिसेनाशी झाली आणि त्यांची गिऱ्हाइकं दुरुस्तीसाठी आमच्याकडे आली. आमचा दुरुस्तीचा धंदा वाढला तो असा.

मग २०१६ उजाडलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ती ‘जलदूत’ गाडी. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. ज्या शहरात पिण्याच्या पाण्याला रांगा, तिथं सोलर कोण घेणार? विक्री ठप्प होती, पण फोन सारखे यायचे. टाक्या रिकाम्या, आणि रिकाम्या काचेच्या नळीत उन्हाळ्याच्या दुपारी तापमान दोनशे अंशांच्या वर जातं. भर दुपारी टँकर यायचा, घरची माणसं घाईनं मोटार चालू करायची, गार पाणी तापलेल्या काचेला लागायचं आणि नळ्या तडातड जायच्या. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ करून सांगतो: सोलर रिकामा झाला तर त्यावर शेडनेट किंवा बारदाना टाका, आणि पाणी भरायचं ते सूर्य मावळल्यावर किंवा पहाटे.

त्या दुष्काळानं पाइपकडेही लक्ष वेधलं. गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंत वीस मीटर पाऊण इंची पाइप असेल, तर त्यात पाच-सहा लिटर पाणी मावतं. रात्रीतून ते गार होतं आणि सकाळी गरम पाणी यायची वाट बघत आपण ते मोरीत सोडून देतो. ज्या गावानं रेल्वेचं पाणी प्यालं त्या गावात हे बघवत नाही. आता आम्ही टाकी शक्यतो न्हाणीच्या डोक्यावर घेतो, गरम पाण्याच्या पाइपला वरून खालपर्यंत इन्सुलेशन करतो आणि पहिली बादली धुण्या-भांड्याला लावा असं घरच्या बायकांना सांगतो. त्या हसतात. त्यांनी ते आधीच सुरू केलेलं असतं.

हीट पंपाकडे आम्हाला लातूरच्या वसतिगृहांनी नेलं. लातूर पॅटर्ननं या गावात गावोगावची मुलं आणली. पहाटे उठायचं, आंघोळ करून क्लासला पळायचं. मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एक मावशी एका थंडीत दुकानात आल्या. म्हणाल्या, “भाऊ, पोरीच्या ट्रंकेत पाणी तापवायचा रॉड सापडला. बादलीत हात घातला आन् काय झालं तर तिच्या आईला काय सांगू? मला झोप लागंना.” गच्ची लहान, त्यावर मेसचं वाळवण, मोबाइलचा टॉवर आणि पाण्याच्या टाक्या. सोलरला जागाच नव्हती.

साठ मुली, एकीला एक बादली. साठ अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळून वापरलं तर दिवसाला साधारण ६०० लिटर गरम पाणी लागतं. वीस अंशांवरून साठवर न्यायला गिझरला अठ्ठावीस युनिटं खावी लागतात. हीट पंप फ्रीजच्याच तंत्रावर चालतो, फक्त उलटा: बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. म्हणून तेच काम तो साधारण एकतृतीयांश विजेत करतो. हवा जितकी गरम तितका तो स्वस्तात चालतो, आणि गरम हवेची आपल्याला कमी नाही. एकच पथ्य सांगतो: पहाटेच्या गारठ्यात चालवू नका. टायमर लावून दुपारी बारा ते चार चालवा, टाकी चांगली इन्सुलेट केलेली असेल तर पहाटेपर्यंत पाणी गरम राहतं. जड पाण्यासाठी टाकीच्या बाहेरून कॉइल गुंडाळलेला पंप घ्यायचा, पाण्यात बुडालेल्या कॉइलचा नाही. मावशींच्या इमारतीत आता खोल्याखोल्यांतले जादा पॉइंट बंद करून मेनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच बसवला आहे आणि रॉडची भीती संपली आहे. आमच्या सगळ्या कामांत मला सर्वांत समाधान देणारं काम हेच.

काही गिऱ्हाइकांना आम्ही सोलर घेऊ नका असंही सांगतो. नवरा-बायको दोघंच, आंघोळ बादलीनं, तीही गरम पाण्यानं फक्त दिवाळी ते होळी. एका बादलीला अर्ध्या युनिटच्या आतच वीज लागते. दोघांना दिवसाला एक युनिटही लागत नसेल तर सोलरचे पैसे वसूल कधी व्हायचे? त्यांना पाच स्टारचा पंधरा लिटरचा गिझर देतो, थर्मोस्टॅट पन्नास अंशांवर ठेवून देतो. वीजही वाचते आणि थरही कमी बसतो. पाच-सहा माणसं, बाळंतीण, संधिवाताची आजी अशा घराचा हिशेब वेगळा. तिथं बारा महिने गरम पाणी लागतं, आणि दोनशे लिटरचा सोलर थंडीत पूर्ण वापरला तर रोजची नऊ युनिटं वाचवतो.

खेड्यांत अडचण छपराची असते. माळवदाच्या घरावर पाण्यानं भरलेला सोलर ठेवता येत नाही. शंभर लिटरचा म्हटला तरी सगळं मिळून दीडशे किलोच्या घरात वजन जातं. पत्र्याच्या घराचंही तेच. तिथं आम्ही अंगणात लोखंडी स्टँड उभा करतो आणि गार पाण्याची टाकी त्याहून वर घेतो, कारण गार टाकीचा तळ गरम टाकीच्या वर असल्याशिवाय पाणी चढत नाही. निलंगा-औसा भागात आजही बायका तुराट्या-पऱ्हाट्यांवर पाणी तापवतात, पहाटेच धुराला बसतात. आमच्या आईनंही तेच केलं. म्हणून स्टँडच्या कामात नफा फारसा नसला तरी ते काम आम्ही सोडलेलं नाही.

हल्ली दर दुसरा माणूस ‘सूर्यघर’मधून सोलर हीटर मिळेल का, असं विचारतो. मिळत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेली ती योजना विजेच्या पॅनलसाठी आहे, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान. मात्र दोन्हींचा गच्चीवर मेळ घालावा लागतो. एका किलोवॅटच्या पॅनलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिटं मिळतात. दोनशे लिटरचा हीटर पन्नास चौरस फुटांच्या आत बसतो. ज्यांच्या गच्चीवर आधीच पॅनल भरले आहेत त्यांनी दुपारच्या विजेवर हीट पंप चालवावा. ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांनी आधी दक्षिणेकडची, सावली न पडणारी जागा हीटरला राखावी आणि मग पॅनलची आखणी करावी. २०२२ मध्ये सोलर हीटरवरचा जीएसटी पाचाचा बारा टक्के झाला होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये परत पाचावर आला. त्यामुळे भाव थोडा उतरला आहे.

दुरुस्तीला गेलं की एक गोष्ट हमखास दिसते. टाकीवरच्या हवेच्या पाइपातून पाणी सांडतं म्हणून कुणीतरी त्याला टोपण मारलेलं असतं. तो पाइप मोकळाच हवा. बंद केला की खाली पाणी सोडताना टाकीत पोकळी होते आणि आतला स्टीलचा पत्रा पिचकतो. मग टाकीच बदलावी लागते. आमचे मिस्त्री मामा गच्चीवर चढले की पहिला हात त्या पाइपला लावतात.

घर बांधत असाल तर एवढं आत्ताच करून घ्या: प्रत्येक न्हाणीत आणि स्वयंपाकघरात गरम पाण्याची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची) लाइन वेगळी टाका, गच्चीवर तिचं तोंड काढून बूच मारून ठेवा आणि गार पाण्याच्या टाकीचा ओटा हीटरच्या हिशेबानं उंच घ्या. हीटर आज घेतला नाही तरी चालेल. पुढे फरश्या फोडायला लागणारे पैसे हीटरच्या किमतीच्या आसपास जातात, आणि त्यातला एक रुपयाही पाणी तापवत नाही. प्लंबर लाइन टाकायला येण्याआधी नकाशा घेऊन दुकानात या, पाइप कुठून न्यायचा ते आम्ही आखून देतो. त्याचे पैसे घेत नाही.