सेमाग्लुटाइड आणि पोटाची कुरकुर
सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने होते. या डोसने साखर फारशी उतरत नाही. तो पोटाला सवय लागावी म्हणून असतो. चार आठवड्यांनी ०.५. उगाच घाई केली की मळमळ, उलट्या वाढतात. या औषधाने जठर सावकाश रिकामं होतं, भूक मरते. वजन उतरतं ते त्यामुळेच. अशात रात्री दहाला पुरणपोळीवर तूप ओढलंत, तर सकाळपर्यंत करपट ढेकरा! त्यापेक्षा अर्धी भाकरी, वरण, दही बरं. पोट भरल्यासारखं वाटताच ताट सरकवा, अन्न टाकल्याचं पाप लागत नाही. सोबत ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यांचा डोस कमी करायचा का, डॉक्टरांना आधीच विचारा. पोटातली तीव्र कळ पाठीत जाऊन थांबेना, तर पुढचं इंजेक्शन न घेता थेट दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज असू शकते.