सिमोना हालेप: हुकमी फटका नसलेली अव्वल खेळाडू

सेरेना विल्यम्स म्हटलं की सर्व्हिस आठवते, शारापोव्हा म्हटलं की सपाट, जोरकस फटके. सिमोना हालेपचं काय आठवतं? बहुतेकांना चटकन सांगता येत नाही. तरीही ही रोमानियन खेळाडू एकूण ६४ आठवडे जगात पहिल्या क्रमांकावर होती, जानेवारी २०१४ पासून सलग ३७३ आठवडे पहिल्या दहांत होती आणि २४ एकेरी विजेतेपदं मिळवून निवृत्त झाली. तिच्या खेळात एका फटक्यावर सामना काढून देईल असं काहीच नव्हतं. सगळं उभं होतं ते पायांवर आणि चेंडू किती लवकर गाठता येतो यावर. तिची कारकीर्द नीट समजून घ्यायची तर हे एकच सूत्र धरून चाला. तिचे विजय, तिचे ते चटका लावणारे पराभव आणि शेवटची उतरण, तिन्ही त्यातून उलगडतात.

जन्म २७ सप्टेंबर १९९१, काळ्या समुद्राच्या काठावरच्या कॉन्स्टान्त्सा शहरातला. वडील स्थानिक पातळीवर फुटबॉल खेळलेले. मोठा भाऊ टेनिसला जायचा, त्याच्यामागे चौथ्या वर्षी हिनेही रॅकेट धरली. २००८ मध्ये फ्रेंच ओपनच्या मुलींच्या गटात विजेती आणि कनिष्ठ क्रमवारीत पहिली. पुढच्याच वर्षी, सतराव्या वर्षी, तिने स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. वजनामुळे पाठ दुखत होती आणि चेंडूकडे झेपावायला उशीर होत होता, असं तिने स्वतःच सांगितलं होतं. त्यावर त्या काळी बरीच सवंग चर्चा झाली. खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत नेमका निर्णय असावा. जिच्या खेळाचं सगळं भांडवल पाय आहेत, तिने पायांवरचा भार कमी केला, इतकंच.

उंची १६८ सेंटिमीटर. टेनिसमध्ये या आकड्याचा अर्थ काय होतो, ते आकडेमोड करूनच पाहू. या उंचीची खेळाडू हात आणि रॅकेट पूर्ण ताणून साधारण २.५५ मीटरवर चेंडू मारते. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपासून, जाळीपर्यंत ११.८९ मीटर आणि जाळीपासून सर्व्हिस लाइनपर्यंत, म्हणजे सर्व्हिस ज्या रेषेच्या आत पडावी लागते तिथपर्यंत, ६.४० मीटर. २.५५ मीटरच्या बिंदूतून समोरच्या सर्व्हिस लाइनपर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती जाळीपाशी जेमतेम ८९ सेंटिमीटरवरून जाते. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असते. म्हणजे सरळ रेषेत चेंडू आत पडणारच नाही. गुरुत्वाकर्षण थोडी मदत करतं, बाकीचं काम फिरकीने करावं लागतं आणि फिरकी दिली की वेग जातो. तीस सेंटिमीटर वरून मारणाऱ्या खेळाडूची तीच रेषा जाळीच्या आठेक सेंटिमीटर वरून जाते. हालेपची दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावर मिळणारी) वर्षानुवर्षं झोडपली गेली त्याचं मूळ या गणितात आहे. सराव कमी पडला म्हणणाऱ्यांनी एकदा कागद-पेन्सिल घ्यावी.

सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळत नाहीत म्हटल्यावर प्रत्येक गुण रॅलीत कमवावा लागतो. तिथे तिचं खरं हत्यार निघायचं: दोन्ही हातांनी मारलेला, रेषेला समांतर जाणारा बॅकहँड. हा फटका दिसतो त्याहून अवघड आहे. कोपऱ्यातून तिरका मारला तर चेंडूला साधारण २५.१५ मीटर अंतर मिळतं, समांतर मारला तर २३.७७. जवळजवळ १.४ मीटर कमी. शिवाय जाळी मध्यावर सर्वांत खाली असते आणि खांबांकडे १०७ सेंटिमीटरपर्यंत चढत जाते. अंतर कमी, अडथळा उंच. त्यात तिरका आलेला चेंडू सरळ वळवायचा म्हणजे रॅकेटचा कोन किंचित चुकला तरी तो रेषेबाहेर. हालेपला हे जमायचं कारण ती बेसलाइनला चिकटून उभी राहायची, चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच मारायची आणि रॅकेट मागे फार नेत नसे. समोरच्याचाच वेग वापरून ती दिशा बदलायची.

पण या फटक्याची किंमतही आहे. डावीकडून समांतर मारला की तुमची उजवी बाजू पूर्ण उघडी पडते आणि समोरच्याला तिरकं मारायची मुभा मिळते. ८.२३ मीटर रुंदीचं बहुतेक कोर्ट धावून भरून काढायचं असतं. पाय ताजे असतील तर चालतं. दमलात की तोच फटका तुमच्यावर उलटतो.

२०१३ मध्ये हे सगळं पहिल्यांदा जुळून आलं. न्यूरेम्बर्ग आणि बुडापेस्टला मातीवर, हॉलंडमध्ये गवतावर, न्यू हेवनला हार्ड कोर्टवर, मग मॉस्को आणि सोफियाला बंदिस्त कोर्टवर. एका वर्षात सहा विजेतेपदं, तीही सगळ्या पृष्ठभागांवर. मारा करणाऱ्या खेळाडूंचं सहसा एखाद्या पृष्ठभागाशी वाकडं असतं. पाय मात्र सगळीकडे चालतात. २०१४ ला ती फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत होती. ३ तास २ मिनिटं झुंजून शारापोव्हाकडून ६-४, ६-७, ६-४ अशी हरली. त्याच वर्षअखेरीला सिंगापूरला, अव्वल आठ खेळाडूंच्या स्पर्धेत, तिने साखळी सामन्यात सेरेनाला ६-०, ६-२ असं उडवलं आणि अंतिम सामन्यात त्याच सेरेनाकडून ६-३, ६-० असा मार खाल्ला. एकाच आठवड्यात!

आता २०१७ च्या पॅरिसकडे येऊ, कारण तिच्या खेळाची मर्यादा त्या सामन्याइतकी उघडी कुठेच पडली नाही. उपांत्यपूर्व फेरीत स्वितोलिनाविरुद्ध ३-६, १-५ अशा पिछाडीवरून, मॅच पॉइंट (समोरचीला सामना जिंकायला हवा असलेला शेवटचा गुण) वाचवून ती जिंकली होती. अंतिम फेरीत समोर मानांकन नसलेली, नुकती वीस वर्षांची झालेली येलेना ओस्टापेन्को. हालेप ६-४, ३-० अशी पुढे होती. तिथून ४-६, ६-४, ६-३ असा सामना ओस्टापेन्कोने नेला. आकडे पाहा: ओस्टापेन्कोचे विजयी फटके ५४ आणि चुकाही ५४. हालेपचे विजयी फटके ८, चुका १०. म्हणजे जवळजवळ सगळा सामना ओस्टापेन्कोच्या रॅकेटवर ठरत होता. तिचे फटके आत पडायला लागल्यावर हालेपकडे तो ओघ तोडायला काही नव्हतं. ‘दडपणाखाली कोसळली’ असं तेव्हा सर्रास लिहिलं गेलं. मला ते अर्धवट वाटतं. १० चुका करणारी खेळाडू कोसळलेली नसते. ती वाट पाहत राहिली, हे खरं.

मनाचा भाग नव्हताच असं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये मायामीला कोंटाविरुद्ध हरल्यावर प्रशिक्षक डॅरेन केहिल तिला सोडून गेले होते. तेव्हा महिलांच्या टूरवर प्रशिक्षकाला सामन्यादरम्यान कोर्टवर बोलावता यायचं, ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, मात्र नाही. सामना हातून निसटू लागला की हालेप स्वतःवरच चिडायची, खुणा करून कुरकुरायची, पुढचे दोन-तीन गेम त्यात जायचे. केहिलनी या वागण्याकडे बोट दाखवून काम थांबवलं. ती बदलायला लागली तसे काही आठवड्यांत परतले. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीजिंगला ओस्टापेन्कोलाच उपांत्य फेरीत हरवून ती पहिल्या क्रमांकावर पोचली. रोमानियाची पहिली महिला. पुरुषांत तो मान १९७३ मध्येच इली नस्तासेला मिळाला होता, तोही संगणकीय क्रमवारीतला जगातला पहिलाच.

२०१८ ची ऑस्ट्रेलियन ओपन ती हरली, तरी मी तिची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणून तीच सांगेन. पहिल्याच फेरीत घोटा मुरगळला. तिसऱ्या फेरीत लॉरेन डेव्हिसविरुद्ध ४-६, ६-४, १५-१३. ३ तास ४४ मिनिटं, ४८ गेम, तीन मॅच पॉइंट वाचवून. उपांत्य फेरीत केर्बरविरुद्ध ९-७ असा तिसरा सेट, पुन्हा दोन मॅच पॉइंट वाचवून. अंतिम फेरीत वॉझ्नियाकीकडून ७-६, ३-६, ६-४ असा पराभव आणि त्यानंतर शरीरातलं पाणी कमी झाल्याने थेट रुग्णालय. हुकमी सर्व्हिस असलेली खेळाडू अशा स्पर्धेत प्रत्येक सेटमागे काही गुण न धावता मिळवते. हिला एकेक गुण पळूनच मिळत होता.

पाच महिन्यांनी पॅरिसला स्लोअन स्टीफन्सविरुद्ध ती पुन्हा ३-६, ०-२ अशी मागे होती. स्टीफन्सही तिच्यासारखीच बचावपटू, त्यामुळे इथे वाट पाहून उपयोग नव्हता. हालेप बेसलाइनच्या आत सरकली, चेंडू लवकर घ्यायला लागली, सलग चार गेम काढले आणि ३-६, ६-४, ६-१ असा पहिला ग्रँड स्लॅम जिंकला. तिच्याआधी ही स्पर्धा जिंकलेली रोमानियन म्हणजे १९७८ ची व्हर्जिनिया रुझिची, आणि तीच हालेपची व्यवस्थापक होती.

मग विम्बल्डन २०१९. गवतावर चेंडू खाली राहतो, घसरतो. लांब ढांगा टाकणारे तिथे अडखळतात. बुटकी, गुडघ्यात वाकून छोटी पावलं टाकणारी खेळाडू तिथे फायद्यात असते, हे तिला उशिरा उमगलं. त्या वर्षी केहिल सुट्टीवर होते, सोबत डॅनिएल डोब्रे होते. अंतिम फेरीत सेरेनाविरुद्ध आधीची कामगिरी १ विजय, ९ पराभव. निकाल ६-२, ६-२, अवघ्या ५६ मिनिटांत. संपूर्ण सामन्यात हालेपच्या स्वतःहून केलेल्या चुका तीन. तीन! सेरेनाचा जो फटका इतरांविरुद्ध गुण ठरतो तो परत येत राहिला, मग सेरेना रेषेच्या आणखी जवळ मारायला गेली आणि चुकत गेली. नस्तासेला १९७२ आणि १९७६ अशा दोन अंतिम फेऱ्यांत जे जमलं नाही, ते विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद रोमानियाला पहिल्यांदा मिळालं.

असा खेळ शरीर झिजवतोच. २०१८ च्या अखेरीला पाठीची चकती सरकली होती. २०२१ मध्ये रोमला पोटरीचा स्नायू फाटला आणि फ्रेंच ओपन, विम्बल्डन, ऑलिम्पिक तिन्ही गेलं. २०२२ ला पॅट्रिक मुरातोग्लू प्रशिक्षक झाले, ऑगस्टमध्ये टोरोंटोची स्पर्धा जिंकली. ते चोविसावं आणि शेवटचं विजेतेपद.

त्याच महिन्यात यूएस ओपनला घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात रॉक्साडस्टॅट सापडलं. हे मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात होणाऱ्या रक्तक्षयावरचं तोंडाने घ्यायचं औषध. शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय असा आभास ते निर्माण करतं, त्यामुळे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं आणि त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. नियम असा की पदार्थ सापडला की दोष गृहीत धरला जातो, तो कुठून आला हे खेळाडूनेच दाखवायचं. ७ ऑक्टोबर २०२२ पासून तात्पुरती बंदी. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने चार वर्षं ठोठावली. तिने घेतलेला पूरक आहार दूषित होता हे त्यांना मान्य होतं, पण नमुन्यात सापडलेलं प्रमाण तेवढ्याने होणार नाही असं त्यांचं म्हणणं. सोबत वेळोवेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या नोंदींवरून दुसरा आरोपही होता. मार्च २०२४ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने हेतू नव्हता असं मानून शिक्षा नऊ महिन्यांवर आणली आणि रक्ताच्या नोंदींचा आरोप फेटाळला. नऊ महिने जुलै २०२३ मध्येच संपले होते. म्हणजे निकाल लागेपर्यंत ती शिक्षेपेक्षा आठ महिने जास्त बाहेर बसली होती.

ते आठ महिने कुणी परत देऊ शकत नाही. आणि सर्व्हिसवर तगणारी खेळाडू बत्तिसाव्या वर्षी दीड वर्षाच्या खंडानंतर काही काळ तरी तग धरते, हिला ती सोय नव्हती. मायामीला बदोसाविरुद्ध पहिला सेट ६-१ असा जिंकून तिने सामना गमावला. मग गुडघ्याची कूर्चा, मग खांदा. ४ फेब्रुवारी २०२५ ला क्लुज-नापोकाला, घरच्या प्रेक्षकांसमोर, लुसिया ब्रॉन्झेत्तीकडून ६-१, ६-१ अशी हरल्यावर तिने कोर्टवरच निवृत्ती जाहीर केली.

जुने सामने पाहायचे असतील तर डेव्हिसविरुद्धचा तिसरा सेट आणि विम्बल्डनचा अंतिम सामना लागोपाठ पाहा. चेंडूवरून नजर काढून, समोरची खेळाडू फटका मारते त्या क्षणी हालेपची दोन्ही पावलं कुठे टेकतात तेवढं बघा. मेलबर्नला तिसऱ्या तासानंतर ती बेसलाइनच्या किती मागे टेकतात आणि लंडनला किती पुढे, हा फरक टीव्हीवरही स्पष्ट कळतो.