बाटली क्रमांक दोन

फॉर्मवर घाईघाईत लिहिलं होतं: पुरुष, ३४. पंधरा दिवस रक्ताचे जुलाब. इन्फेक्टिव्ह कोलायटिस? म्हणजे जंतुसंसर्गाने मोठ्या आतड्याला सूज आली असावी, अशी शंका. सोबत फॉर्मॅलिनच्या दोन बाटल्या, आत आतड्याचे तुकडे: एक नंबरमध्ये उजव्या कोलनचे (मोठ्या आतड्याचे), दोन नंबरमध्ये डाव्या. आमच्या हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे असे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या विभागात, असले फॉर्म रोजचेच. पंधरा दिवसांचा जुलाब म्हणजे बहुतेक वेळा जंतूंचंच काम, त्यामुळे ट्रे समोर आला तेव्हा मी चहा संपायचीही वाट पाहिली नाही.

पहिली स्लाइड स्वच्छ. ग्रंथी एकीला एक लागून, रॅकमध्ये टेस्ट ट्यूब उभ्या असाव्यात तशा. दुसरीत मात्र सूज होती, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ग्रंथींत घुसल्या होत्या. संसर्गात हे दिसतंच. एका तुकड्यात ग्रंथी जरा वेड्यावाकड्या वाटल्या, पण काप तिरका गेला की तसं होतं, असं म्हणून मी सोडून दिलं. रिपोर्ट टाइप करायला घेतला आणि सवयीने एकदा चाळीसची लेन्स फिरवली.

एका ग्रंथीच्या अगदी तळाशी लाल दाणे. स्लाइड रंगवायच्या इओसिनचा नेहमीचा गुलाबी नव्हे, चक्क लाल, डाळिंब फोडल्यावर दिसतात तसे दाटीवाटीने बसलेले. न्यूक्लियस खाली ढकललेलं आणि दाणे त्याच्या वर, ग्रंथीच्या पोकळीकडे तोंड करून. हे महत्त्वाचं, कारण शेजारच्या एंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या) पेशींचे दाणे बारीक असतात आणि न्यूक्लियसच्या खाली असतात. म्हणजे ही पॅनेथ पेशी. पुढच्या ग्रंथीत आणखी दोन.

पॅनेथ पेशींचं घर लहान आतडं. योझेफ पॅनेथ या व्हिएन्नातल्या शरीरशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि दोनच वर्षांत तो क्षयाने गेला. (आतड्याच्या बायोप्सीत रोज क्षय शोधणाऱ्या माणसाला हे विसरता येत नाही.) त्या लाल दाण्यांत शरीराने स्वतः बनवलेली प्रतिजैविकं असतात. लायसोझाइम हे एन्झाइम असतं आणि डिफेन्सिन नावाची छोटी पेप्टाइड्स असतात. डिफेन्सिन-५ जेमतेम ३२ अमिनो आम्लांचं. त्याच्यावर धन विद्युतभार, जंतूच्या आवरणावर ऋण, त्यामुळे ते तिथे जाऊन चिकटतं आणि आवरणाला भोकं पाडतं. डिफेन्सिन-६ ची तऱ्हा निराळी. ते मारायच्या फंदात फारसं पडत नाही, एकमेकांत गुंफून जाळं विणतं आणि जंतूंना त्यात अडकवतं. आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो, पलीकडे अब्जावधी जंतू. लहान आतड्यात शोषणासाठी श्लेष्माचा थर विरळ ठेवावा लागतो, म्हणून तिथे ही कुमक लागते. मोठ्या आतड्यात श्लेष्मा जाड असतो. तिथे या पेशी सुरुवातीच्या भागात, उजवीकडे, थोड्याफार सापडतात. प्रौढांच्या डाव्या कोलनमध्ये मात्र त्या एरवी नसतात.

मग या इथे कशा?

पहिला संशय बाटल्यांवर. टेक्निशियन काकांना हाक मारली. “मॅडम, अदलाबदल माझ्याकडून नाही झाली,” असं म्हणत त्यांनी रजिस्टरच उघडून समोर ठेवलं. एक नंबरमध्ये चार तुकडे, दोनमध्ये तीन. मेणाच्या ब्लॉकमध्येही तेवढेच. मी एंडोस्कोपी केलेल्या सरांना फोन लावला.

“सर, लाली कुठे होती?”

“फक्त डावीकडे. तिथून तीनच तुकडे घेतले, रक्त फार येत होतं. का गं?”

म्हणजे सुजलेले तुकडे डावीकडचेच. मी पुन्हा लेन्सला डोळा लावला, आणि आता मघाशी सोडून दिलेलं सगळं दिसायला लागलं. ती वेडीवाकडी ग्रंथी तिरक्या कापाने झालेली नव्हती, ती मुळातून दुभागली होती. ग्रंथींच्या तळाखाली प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे जुन्या सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, थर होता. अस्तर महिनोन्‌महिने जळत राहिलं की तिथल्या मूळपेशी आपला शिरस्ता बदलतात आणि जिथे कधी नव्हत्या तिथे पॅनेथ पेशी तयार करतात. आम्ही त्याला मेटाप्लेझिया म्हणतो. पंधरा दिवसांत एवढं होत नाही. नुसत्या पॅनेथ पेशींवरून रोगाचं नाव सांगता येत नाही, पण आजार जुना आहे एवढं त्या सांगतात. ग्रॅन्युलोमा (क्षयासारख्या रोगात दिसणारा पेशींचा पुंजका) शोधला, नव्हता. “दीर्घकालीन कोलायटिस, अल्सरेटिव्ह कोलायटिसशी सुसंगत” असं लिहिलं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होत राहण्याचा जुनाट आजार, आणि सरांना परत फोन केला.

“अगं, तो पंधरा दिवसच म्हणतोय.”

“सर, परत विचारा ना. स्लाइड तसं म्हणत नाहीये.”

संध्याकाळी उशिरा त्यांचा फोन आला. पेशंट बसवर ड्रायव्हर आहे. रक्त पंधरा दिवसांपासूनच दिसतंय, ते खरं. पण गेलं वर्षभर तो ड्युटीच्या दिवशी सकाळी चहासुद्धा घेत नाही, कारण मध्येच गाडी थांबवता येत नाही. “जुलाब किती दिवस” असं विचारलं म्हणून त्याने पंधरा सांगितले. त्याआधीच्या त्रासाला तो जुलाब म्हणतच नव्हता, “पोट जरा नाजूक आहे” म्हणायचा. या काळात दोन वेळा त्याला अँटिबायोटिकचा कोर्सही दिला गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती स्लाइड मी रेसिडेंटच्या पुढ्यात ठेवली आणि फॉर्म उलटा करून ठेवला. तिला ते दाणे शोधायला चार मिनिटं लागली.