हेलबाईंची पत्रं आणि कोल्स हिल

लेक चौथीत आहे. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात शाळेतून ती कागदाची काळी टोपी घालून आली आणि इंग्लंडहून आलेल्या गोऱ्यांनी इथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांना जेवायला कसं बोलावलं ते मला समजावून सांगू लागली.

त्या गोऱ्यांच्या प्लिमथ वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आमंत्रणाचा उल्लेख नाही. 1621 मध्ये पीक घरात आलं, वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट 90 माणसं घेऊन आला, त्यांनी 5 हरणं मारून आणली, 3 दिवस जेवणं चालली, एवढंच त्यात आहे. ही सुगी मला लगेच कळते. आमच्या कोकणात दसऱ्याला आजोबा दाराला नवं बांधायचे, भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पानं.

पण त्याचा देशभराचा दरवर्षीचा सण झाला तो 242 वर्षांनी, यादवी युद्ध पेटलेलं असताना, आणि त्यामागे सेरा जोसेफा हेल होत्या. न्यू हॅम्पशायरच्या. नवरा गेला तेव्हा पदरात 5 मुलं. पुढे जन्मभर काळे कपडे. 'गोडीज लेडीज बुक' मासिकाच्या संपादक झाल्या आणि वर्षानुवर्षं गव्हर्नरांना, राष्ट्राध्यक्षांना लिहीत राहिल्या की सगळ्या राज्यांनी एकाच दिवशी आभार मानावेत. 28 सप्टेंबर 1863 ला, वयाच्या 74 व्या वर्षी, त्यांनी लिंकनना लिहिलं. 3 ऑक्टोबरला घोषणापत्र निघालं. गेटिसबर्गच्या लढाईला तेव्हा जेमतेम 3 महिने झाले होते. मी ते पूर्ण वाचलं. त्यात प्लिमथचं नाव नाही. विधवा, अनाथ आणि शोकात असलेल्यांना देवाच्या स्वाधीन करा, असं मात्र आहे. हे मला शाळेच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

म्हणून यंदा टर्की ओव्हनमध्ये ठेवण्याआधी लेकीला घेऊन प्लिमथला गेले. 1970 साली त्या गोऱ्यांचं मेफ्लॉवर जहाज आल्याच्या 350 व्या वर्षानिमित्त वाम्पानोआग वंशाच्या फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं होतं. मजकूर आधी वाचून संयोजकांनी तो नाकारला. मग ते प्लिमथच्याच कोल्स हिल या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी बोलले. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला तिथे मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. माणसं दाटीने उभी होती. लेक माझा हात धरून ऐकत राहिली.

"मॅसासॉइटच्या मुलाचं काय झालं गं?" तिने गाडीत विचारलं. मी खरं तेच सांगितलं. मेटाकोमला 1676 मध्ये मारलं आणि त्याचं मुंडकं याच गावात खांबावर वर्षानुवर्षं ठेवलं. ती घर येईपर्यंत गप्प होती.

जेवायला 9 वाजले. पाहुणे टेबलाशी बसल्यावर मी लिंकनच्या घोषणापत्रातली विधवा-अनाथांची ओळ मराठीत करून वाचली. माझं वाचून होताच लेकीने मेटाकोमचं नाव घेतलं, आणि मग आम्ही वाढायला घेतलं.