मायोर्का सायकलिंग : सा कालोब्राला सकाळी दहानंतर उतरू नका

पुण्यातल्या सायकल ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी मायोर्काच्या ट्रिपबद्दल विचारलं म्हणून लिहितेय, शिवाय युरोपात राहणारे आपले लोकही वीकेंडला तिकडे जातात त्यांनाही उपयोग होईल. सायकल चालवता येते, शंभर किलोमीटरची राइड आणि हजार-दीड हजार मीटरचा चढ अंगवळणी पडलाय, पंक्चर स्वतः काढता येतं असं धरून चालतेय. ते नसेल तर आधी इथले घाट करा.

मायोर्का म्हणजे स्पेनचं भूमध्य समुद्रातलं बेट. उत्तर-पश्चिम किनाऱ्याला लागून सेरा दे त्रामुंताना ही डोंगररांग आहे, २०११ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि सायकलवाले जातात ते तिच्यासाठीच. आंद्राचपासून पोयेन्सापर्यंत एमए-१० नावाचा रस्ता ही रांग धरून जातो. डांबर अप्रतिम. या एमए-१० ला एक फाटा फुटतो आणि तो खाली समुद्रावर सा कालोब्राला जाऊन संपतो. पुढे रस्ता नाही. जे काही सांगायचंय ते मुख्यतः या फाट्याबद्दल.

सगळे व्हिडिओ, सगळे ब्लॉग एकच सांगतात की साडेनऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के, सव्वीस हेअरपिन (उलटी फिरणारी वळणं), आयुष्यात एकदा कराच. खरं आहे. पण हे कोणी ठळक सांगत नाही की इथे आधी उतरायचं असतं आणि मग चढायचं असतं, आणि मुळात त्या फाट्यापर्यंत पोचायलाच अर्धा दिवस चढावर जातो. पोर्ट दे पोयेन्साहून निघालात तर कोल दे फेमेनियाचा घाट (कोल म्हणजे खिंड), मग युकचा मठ, मग सतत वर-खाली, मग फाट्यापासून कोल देल्स रेइस (६८२ मीटर) पर्यंत अजून थोडा चढ, आणि त्यानंतर तुम्ही थेट शून्य मीटरला उतरता. परत येताना ६८२ मीटर पुन्हा, आणि तो संपला की युकपर्यंतचं वर-खाली पुन्हा. जाऊन-येऊन ९०-९५ किमी आणि जवळपास २००० मीटर चढ होतो. आम्हाला सायकलच्या दुकानात ‘हाफ डे राइड आहे, दुपारी बीचवर असाल’ असं सांगितलं होतं. दुपारी आम्ही सा कालोब्राच्या चौथ्या-पाचव्या वळणावर पाय टेकून उभे होतो.

आणि त्याला कारण चढ नव्हता, बस होत्या. मोठ्या, पन्नास सिटर टुरिस्ट बस. सकाळी दहाच्या सुमारास त्या उतरायला लागतात आणि दुपारी सगळ्या एकदम वर निघतात, मध्ये भाड्याच्या गाड्या. खालून थोडं वर आलं की रस्ता दोन प्रचंड खडकांच्या मधून जातो, तिथे एका वेळी एकच गाडी मावते. आम्ही तिथे पोचलो तेव्हा वर जाणारी एक बस आणि खाली येणारी एक बस समोरासमोर. खालच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आरसा हाताने आत वळवत होता, मागे गाड्यांची रांग, आणि आम्ही डिझेलच्या धुरात, कातळाला खांदा टेकवून. बरं चढावर एकदा पेडलमध्ये अडकवलेली बुटाची क्लीट काढली की परत लावताना सायकल आडवी जाते, मागून गाडी चिकटलेली असताना ते अजिबात सुखाचं नाही. हे एकदा नाही, वरपर्यंत परत परत झालं. लय लागते, बस येते, थांबा. लय लागते, बस येते, थांबा. सव्वा तासात होईल असा चढ आम्हाला दोन तासांच्या वर पडला आणि माझी मैत्रीण वर पोचल्यावर अक्षरशः रडली, दमून नाही, चिडून.

म्हणून आम्ही शेवटी काय केलं ते सांगते, आणि माझ्या मते हाच एक बरोबर मार्ग आहे. युकच्या मठात खोल्या मिळतात. साध्या, स्वच्छ, पण आधी बुक करा. आदल्या दिवशी कैमारी गावाकडून कोल दे सा बाताया चढून तिथे मुक्कामाला या (आठ किमी, पाच टक्के, सावलीतला चढ, काही त्रास नाही). दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघा. साडेआठ-नऊला तुम्ही खाली असता आणि पहिली बस दिसते तेव्हा तुमचा निम्म्याहून जास्त चढ झालेला असतो.

आणि मग तो रस्ता काय आहे ते कळतं! काय सांगू! अंतोनियो पारिएत्ती नावाच्या इंजिनिअरने १९३२ मध्ये बांधला. एकही बोगदा नाही, कातळ फोडायचा आणि तोच दगड पुढच्या भरावाला वापरायचा असं करत डोंगराच्या कलाने उतरवलाय. वरच्या बाजूला नुस दे सा कोर्बाता आहे, टायची गाठ म्हणतात तिला, रस्ता २७० अंशात फिरतो आणि स्वतःच्याच पुलाखालून जातो. सिंहगडाला जसा मध्येच छातीवर येणारा चढ असतो आणि लगेच जरा सपाटी मिळते तसं इथे नाही, बहुतेक सगळा चढ एकसारखा, त्यामुळे एक गिअर धरून नुसतं चालवत राहायचं. एवढी शांतता होती की खालच्या वळणांवर कोणी गिअर बदलला तरी वर ऐकू येत होतं. त्याच रस्त्याचा दोन दिवसांपूर्वी मला संताप आला होता. शक्य असेल तर उरलेली सगळी सुट्टी या एका सकाळच्या भोवती आखा, मी तरी तसंच सांगीन.

खाली काही खाऊ-पिऊ नका. लहान पाण्याच्या बाटलीला साडेतीन युरो घेतले, साध्या चीज सँडविचला नऊ. दुसरा पर्याय नाही हे त्यांना माहीत आहे. दोन बाटल्या युकलाच भरून घ्या, खायचं खिशात ठेवा, आणि कोल दे सा बातायाच्या पेट्रोल पंपाजवळचं कॅफे परतीसाठी राखून ठेवा. खालून पोर्ट दे सोयेरला बोट जाते, ‘चढ नको असेल तर बोटीत बसा’ असा सल्लाही मिळेल. समुद्र खवळला की बोट बंद असते. तिच्या भरवशावर उतरू नका.

आता गिअर. सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानाला ई-मेलवर मी स्पष्ट लिहिलं होतं की पुढे कॉम्पॅक्ट (लहान चक्र्या) आणि मागे ३४ ची कॅसेट हवी, म्हणजे मागची सर्वांत मोठी चक्री ३४ दात्यांची. त्यांनी हो म्हटलं. हातात सायकल आली ती ११-२८ ची. बदलून द्यायचे ४० युरो वेगळे मागितले, ई-मेल दाखवला तर ‘ते दुसऱ्या मॉडेलसाठी होतं’. शेवटी भरले, कारण २८ वर सात टक्के साडेनऊ किलोमीटर म्हणजे गुडघ्यांची वाट. शिवाय सायकल परत करताना चेनस्टेवरच्या (फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवरच्या) एका ओरखड्याचे पैसे कापायला निघाले. तो ओरखडा पहिल्या दिवसाच्या फोटोत होता म्हणून वाचले. तर : सायकल ताब्यात घेताना पूर्ण व्हिडिओ काढा, फोर्क, चेनस्टे, डिरेलर हँगर, रिम सगळं, दुकानातल्या माणसासमोर काढा. गिअर रेशो बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. स्वतःचे पेडल आणि सॅडल न्या.

बाकीचं भराभर सांगते. कोल दे सोयेर छान आहे, कारण खालचा बोगदा २०१७ च्या शेवटी टोलमुक्त झाला आणि गाड्या सगळ्या त्यातून जातात, जुना घाट आपल्यालाच उरतो. बोगद्यात सायकलला बंदी आहे, फोनवर कारचा रूट लावलात तर तो तुम्हाला सरळ बोगद्याच्या तोंडाशी नेईल, लक्ष ठेवा. सोयेरहून पुइग माजोरचा चढ मात्र लांब आहे, १४ किमी, संपता संपत नाही, आणि दुपारी ऊन थेट पाठीवर. हाही सकाळीच करा. वर बोगदा लागतो, पुढचा-मागचा दोन्ही लाइट पाहिजेतच. मला फोर्मेंतोरचं दीपगृह ओव्हररेटेड वाटलं. वारा इतका होता की उतारावर सायकल हातात राहत नव्हती, शेळ्या रस्त्याच्या मधोमध बसलेल्या. उन्हाळ्यात दिवसा तिथे खाजगी गाड्यांना बंदी असते, सायकलला नसते, तेव्हा कदाचित बरं वाटत असेल. पण उन्हाळ्यात या बेटावर सायकल चालवायला मुळात जाऊच नका, मार्च ते मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. सिनेऊ, पेत्रा या गावांकडचे सपाट रस्त्यांचे दिवस मस्त गेले, सांगण्यासारखं काही नाही.

एप्रिलमध्येही वर सकाळी चांगलंच गार असतं. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज घ्या, नाहीतर सा कालोब्रा उतरताना ब्रेक दाबायला बोटं उरत नाहीत. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे.

भारतातून जाणाऱ्यांसाठी : शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. सगळ्यात स्वस्त पॉलिसी उचलू नका, आतला बारीक मजकूर वाचा, सायकलिंग त्यात कव्हर आहे का ते बघा, आणि भाड्याच्या सायकलचं नुकसान त्यात येत नसेल तर दुकानाचा डॅमेज कव्हर घ्या. तो दिवसाला काही युरो पडतो, पण कार्बन फ्रेमला तडा गेला तर ते बिल कोणालाही झेपणार नाही.